पहिली रांग रिकामी

"भुसा खायचा आणि वर उशीर करायचा! काय पण जावई मिळालाय कार्यशाळेला!"

हे मामांचं. रोज सकाळी कीबोर्डवरचा कॉर्कचा भुसा फुंकून उडवताना ते असं काहीतरी पुटपुटतात. उडालेला भुसा पडद्यावर जाऊन बसतो. मग तो पुसताना ते आणखी थोडं पुटपुटतात.

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. मामा ज्याच्यावर चिडतात ते खोकं म्हणजे मी नव्हे. मी त्या खोक्यात राहतो. मला हात नाहीत, पाय नाहीत, कान तर नाहीतच. मग तुला ऐकू कसं येतं, असं विचारू नका. आत्मवृत्त सांगणाऱ्याला तेवढी सूट द्यायची असते.

मी राहतो ती एक बुटांची कार्यशाळा आहे. इथे दुकानात मिळतात तसे बूट होत नाहीत. ज्यांची हाडं खाली आली आहेत, बोटं वाकली आहेत, किंवा तळव्यांना काही कळेनासंच झालं आहे, अशांसाठी इथे बूट बनतात. खरं कसब आतल्या गादीत असतं. कुठे उंचवटा द्यायचा, कुठे खळगा सोडायचा, यावर त्या माणसाचं चालणं ठरतं. खिडकीशी पायांचे पांढरे साचे टांगलेले आहेत. मागच्या खोलीत घासायचा पट्टा घरघरतो, तिथे मामा असतात. पुढच्या खोलीत, दाराला लागून, माझं टेबल आहे. मालकीण म्हणजे आई. ती मामांची थोरली बहीण, म्हणून मामा तिला ताई म्हणतात. तिची मुलं दोन, दादा आणि धाकटी.

मला धाकटीने लिहिलं. ती हे कुठल्या वर्गात शिकली नाही. चुका करत, स्वतःवर चिडत, पुन्हा लिहीत शिकली. माझी भाषा जरा विचित्र आहे. तुम्ही बोलताना क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवता, माझ्यात ते सगळ्यांच्या आधी येतं. कंस उघडायचा, काय करायचं ते सांगायचं, मग कशावर करायचं ते सांगायचं आणि कंस मिटायचा. त्या कंसात दुसरा कंस, त्याच्यात तिसरा. माझ्या बहुतेक ओळी मिटलेल्या कंसांच्या झुंडीने संपतात.

"हे काय, माशाचे खवले?" मामांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं.

"मामा, उघडलेलं दार मिटायला नको का?"

"नको. वारा येऊ दे की जरा."

माझं काम असं. पायाखाली ठेवायची एक सपाट पाटी आहे. तिच्यात दाब ओळखणारे बारीक ठिपके रांगांनी बसवलेले आहेत. माणूस पाटीवर उभा राहिला की प्रत्येक ठिपका एकेक आकडा पाठवतो. ते सगळे आकडे मी ॲरेमध्ये ठेवतो. ॲरे म्हणजे खणांची रांग. एका खणात एकच आकडा, आणि प्रत्येक खणाला क्रमांक. अशा रांगेखाली रांग ठेवत गेलं की सबंध पाऊल तयार होतं. बोटं वरच्या रांगांत, टाच तळाच्या रांगांत. नसलेल्या खणातलं कुणी मागितलं तर मी सरळ सांगतो, तिथे खण नाही. त्या बाबतीत मी हट्टी आहे.

पण आकडे ठेवणं वेगळं आणि त्यांच्यावरून गादी घडवणं वेगळं. ते अवघड गणित माझ्या आवाक्यातलं नव्हतं. ते दादाने लिहिलं, यंत्राच्या जवळच्या एका वेगवान भाषेत. त्याची त्याने एक लायब्ररी बनवली. इथे पुस्तकं नसतात बरं का. इथे लायब्ररी म्हणजे तयार कामांचं एक गाठोडं. ते गाठोडं माझ्या पोटात नव्हतं. ते डिस्कवर आपल्या जागी पडून असे. सकाळी पहिलं पाऊल पाटीवर पडलं की मी त्याला नावाने हाक मारायचो आणि ते उठून यायचं. मी माझ्या रांगा त्याच्या हवाली करायचो. नक्कल देत नव्हतो, मूळ रांगाच द्यायचो, इतका भरवसा होता. ते आत हात घालून आकडे बदलायचं, परत द्यायचं, आणि कोरणारं यंत्र कॉर्कवर फिरू लागायचं.

धाकटीने त्या लायब्ररीचं नावच "दादा" ठेवलं होतं. गंमत म्हणून.

दोघांचं एका गोष्टीवरून कडाक्याचं भांडण झालं. माझी मोजणी शून्यापासून सुरू होते. माझी पहिली रांग शून्याची, दुसरी एकची. दादाची लायब्ररी एकपासून मोजायची.

"शून्यावा माणूस कधी पाहिलायस?" दादा म्हणाला. "रांगेत सगळ्यात पुढे उभी राहिलीस तर पहिली म्हणवशील की शून्यावी?"

"आणि तू जन्मलास तेव्हा काय एक वर्षाचा होतास?"

"ताई, यांचं मोजून होईपर्यंत मी चहा पिऊन येतो," मामा म्हणाले.

"कुणीतरी एकाने पड खा रे," आई आतून ओरडली. "लोकांचे पाय खोळंबलेत."

पड धाकटीने खाल्ली. तिने माझ्या ॲरेत सगळ्यात वरची, शून्याची रांग रिकामी सोडली आणि पाऊल एकच्या रांगेपासून ठेवलं. शेजारी माझ्यात एक शेराही लिहिला. शेरा माणसांनी वाचायचा असतो, मी तो ओलांडून पुढे जातो. शेरा असा होता: "ही रांग रिकामी ठेवणे. दादा एकपासून मोजतो."

मित्रांनो, ती आमची चांगली वर्षं होती. दादा, धाकटी आणि मी मिळून कितीतरी पावलं मोजली. त्यातली एक आमची टपालमावशी. ती घरोघर टपाल वाटते. साखरेच्या आजाराने तिच्या तळव्यांची जाणीव गेली होती. चपलेत खडा शिरला तरी तिला संध्याकाळपर्यंत कळत नसे.

"माझे पाय म्हणजे आमचं खातंच गं," ती आईला म्हणायची. "तक्रार निघते, पण पोचत नाही."

तिच्या चवड्याखालची जुनी जखम आमच्या गादीने भरून आली. त्यानंतर ती आली की पडद्यावर बोटाने टिचकी मारून म्हणायची, "शहाणं आहे हो तुमचं पोर." पोर म्हणजे मी. मामा तेव्हा मुद्दाम दुसरीकडे बघायचे.

आईला मात्र एक सवय होती. यंत्राने कोरलेली प्रत्येक गादी ती हातात घ्यायची, तिच्यावरून अंगठा फिरवायची आणि कानशीने कुठेतरी थोडी घासायचीच. दादाला ते सहन व्हायचं नाही.

"आई, यंत्राने दिलंय ते पुरे आहे."

"पुरे आहे की नाही ते माझा अंगठा सांगेल."

"मग मी कशाला आहे इथे?"

"मी कुठे धरून ठेवलंय?"

आई हे कानशीवरून नजर न काढता म्हणाली. तिला ते तसं म्हणायचं नव्हतं, असं मला वाटतं. पण बोलून झालं होतं. दादाने आपला संगणक पिशवीत घातला. चप्पल घातली. या घरात कुणी कोपऱ्यावर डिंक आणायला निघालं तरी "येतो" म्हणून निघतं. बाहेर पडणाऱ्याने ते म्हणायचं आणि घरातल्याने "ये" म्हणायचं, एवढं साधं. दादा दारात थांबला. माझं टेबल दाराला लागूनच आहे. तो म्हणाला, "जातो मी."

कुणीच काही म्हटलं नाही. मागच्या खोलीतला पट्टा तेव्हा नेमका बंद होता.

दुसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर आई म्हणाली, "येतो म्हणालाय. राग उतरला की येईल."

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो त्यांनी परत डब्यात ठेवला. "हो," ते म्हणाले, "येतो म्हणाला. मीही ऐकलं."

धाकटी काहीच बोलली नाही. आणि न बोलण्याचंही हळूहळू होकारात रूपांतर होतं.

दादाला दुसऱ्या गावी मोठ्या ठिकाणी काम मिळालं. अधूनमधून धाकटीच्या फोनवर त्याचे दोन शब्द यायचे. "बरा आहे." इकडून जायचं, "आम्हीही बरे." त्यापलीकडे त्याने विचारलं नाही, यांनीही नाही. त्याचा कप फळीवर पालथा राहिला. त्याचं स्टूल कोपऱ्यात राहिलं. त्याच्या लायब्ररीत काही सुधारायचं निघालं की आई म्हणायची, "त्याच्या कामाला हात लावायचा नाही. तो आला की करेल." मीही रोज सकाळी हाक मारत होतो, "दादा", आणि लायब्ररी उठून येत होती. त्यामुळे सगळं चालल्यासारखं दिसत होतं.

मग माझं जुनं खोकं बंद पडलं.

नवं खोकं आलं. धाकटीने मला जपून उचलून त्याच्यात ठेवलं. मी नुसता मजकूर, मला कुठेही वाचता येतं. दादाच्या लायब्ररीचं तसं नव्हतं. ती जुन्या यंत्राच्या बोलीत बांधलेली होती. नव्या यंत्राची बोली वेगळी. मूळ लिखाण, ज्यावरून ती पुन्हा बांधता आली असती, ते दादाबरोबर त्याच्या संगणकात गेलं होतं.

पहिल्या सकाळी पाटीवर पाऊल पडलं. मी नेहमीसारखी हाक मारली. कुणी आलं नाही. अशा वेळी काय लिहायचं ते धाकटीने मला पूर्वीच शिकवून ठेवलं होतं, तांबड्या अक्षरांत. मी लिहिलं:

"दादा सापडत नाही."

आई पडद्यासमोरच उभी होती. तिने ते वाचलं. एकदाच वाचलं. मग कमरेचं कापड सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि आत निघून गेली. त्या दिवशी तिने कुणाचाच पाय हातात घेतला नाही.

"मागून घे ना त्याच्याकडून ते मूळ," मामा हळूच म्हणाले.

"मागितलं की तो विचारेल, का हवंय. मग सांगावं लागेल. मग तो येणार की नाही, ते सांगेल." धाकटीने डोळे पुसले. "आणि आईला ते ऐकवणार कोण? तुम्ही?"

मामा पट्ट्याकडे गेले.

धाकटीने माझ्यात दोन ओळी घातल्या. हाकेला उत्तर आलं नाही तर बोलू नकोस. त्या माणसाची मागच्या वेळची तयार गादी जपून ठेवलेली आहे, तिचेच आकडे काढून दे. "दोनचार दिवसांपुरतंच रे," ती मला म्हणाली. मित्रांनो, प्रोग्रामच्या जगात दोनचार दिवसांपुरतं म्हणून जे करतात, त्याच्याइतकं दीर्घायुषी दुसरं काही नसतं.

कुणी नवीन आलं तर धाकटी "आज यंत्राचं जरा ठीक नाही" म्हणून त्याला आईकडे साचा द्यायला पाठवायची. जुनी माणसं पाटीवर उभी राहायची. मी आकडे घ्यायचो, हाक मारायचो, गप्प बसायचो, आणि जुनं काढून द्यायचो. यंत्र तसंच गुणगुणायचं, म्हणून हाकेला उत्तर येतंय असंच आईने धरलं होतं. कॉर्कचा भुसा तसाच उडायचा. आई अंगठा फिरवायची तेव्हा तिच्या अंगठ्यालाही मागचंच पाऊल आठवत असे, म्हणून तोही काही बोलायचा नाही. मामांना संशय आला होता. एकदा ते एक गादी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि म्हणाले, "पट्ट्याला तेल घालायला हवं."

टपालमावशी आली ती अशाच दिवसांत. तिचं पाऊल बदललं होतं. दुसरं बोट वाकलं होतं, त्याच्या मागचं हाड खाली आलं होतं. माझ्या ॲरेत ते लख्ख दिसत होतं. नेहमी लहान असायचा तो आकडा आता मोठा झाला होता. मी हाक मारली. उत्तर आलं नाही. मी तिला तिची जुनीच गादी दिली.

"शहाणं आहे हो तुमचं पोर," टिचकी मारून ती म्हणाली. त्या गादीवर ती आपल्या गल्ल्या, जिने, फाटकं चालत राहिली. खाली आलेलं हाड नेमकं जुन्या उंचवट्यावर घासत राहिलं, आणि तिला ते कळायचा प्रश्नच नव्हता. मोजे धुताना तिच्या नवऱ्याने डाग पाहिला.

ती परत आली ती रिक्षातून, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून. पायाला जाड पट्टी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जखम खोल आहे. दाब तिथून हटला तर भरेल. नाही हटला तर बोट जाईल, आणि तिथेच थांबेल असंही नाही.

"तुमच्याकडे रागवायला आले नाहीये हो," ती म्हणाली. "पण पायच वाटेत गहाळ झाला तर टपाल कोण वाटणार?" तिला हसायचं होतं, पण ते जमलं नाही.

आईने बुटातली गादी काढून हातात घेतली. अंगठा फिरवला. मग मावशीच्या पट्टीच्या कडेने, हलक्या हाताने, पाऊल चाचपलं. पुन्हा गादी.

"ही आत्ताची नाही," ती म्हणाली. "हे मागचं पाऊल आहे. कुणी कापली?"

"यंत्राने," मामा म्हणाले.

आईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती धाकटीकडे बघत होती.

"आई, दादाची लायब्ररी चालत नाही. नवं यंत्र आल्यापासून. मी तो तांबडा संदेश बंद करून ठेवलाय."

"का?"

"तू त्या दिवशी आत निघून गेलीस."

आईने गादी खाली ठेवली. मग म्हणाली, "तो संदेश आधी परत सुरू कर. आणि ते गणित तू लिही. यांना पाय टेकायच्या आत झालं पाहिजे."

"त्याच्या कामाला हात लावायचा नाही म्हणतेस ना?"

"हात लावला नाही म्हणून यांच्या पायाला लागलं ना," आई म्हणाली.

मित्रांनो, एक मागणं मागतो. आम्हा जुन्या प्रोग्रामांना पुसून, फुंकून, मखरात ठेवू नका. आम्ही काही सापडत नाही म्हटलं तर ते वाईट दिसतं, मान्य आहे. सकाळी सकाळी तांबडी अक्षरं कुणाला आवडतात? पण आमचं तोंड बंद करू नका. आम्ही गप्प बसतो तेव्हा काम चालूच राहतं, आणि दुखतं ते अशा कुणाला, ज्याला दुखल्याचं कळतही नाही.

धाकटी लिहायला बसली. मामा तिला चहा आणून द्यायचे आणि कंस मोजत उभे राहायचे. "हा मिटला का? आणि हा?" असं विचारून तिला भंडावून सोडायचे, पण हलायचे नाहीत. तिने नवी लायब्ररी बांधली. तिचं नाव तिने साधं ठेवलं, "गादी". मी पहिली हाक मारली तेव्हा ती लगेच आली. मी रांगा तिच्या हवाली केल्या. मूळच दिल्या.

दुपारी मावशी खुर्चीत बसली होती, पट्टीतला पाय स्टुलावर. दादाचंच स्टूल होतं ते. मामांनीच कोपऱ्यातून ओढून आणलं होतं. कोरलेली गादी आईने मावशीच्या ताज्या साच्यावर धरली. अंगठा पुढे नेला, मागे आणला.

"आकार बरोबर आहे," ती म्हणाली. "पण सगळंच बोटभर मागे सरकलंय. खळगा जखमेखाली नाहीये, मागे आहे."

धाकटीने गादी घेतली, पाहिली, पडद्याकडे वळली. माझ्या ओळी वर सरकवत ती त्या जुन्या शेऱ्यापाशी आली आणि थांबली.

"काय झालं?" आईने विचारलं.

"ती शून्याची रांग, आई. दादासाठी रिकामी ठेवलेली. माझी लायब्ररी शून्यापासून मोजते. तिला ती रिकामी रांगही पाऊलच वाटतं. म्हणून सगळं एका रांगेने मागे गेलं."

"मग तुझ्या लायब्ररीलाही एकपासून मोज म्हणावं," मामा मागच्या खोलीच्या दारातून म्हणाले. "ती रांग कशाला हलवतेस? राहू दे तशीच. तो आला की परत..."

ते तिथेच थांबले. त्यांच्या पाठीमागे पट्टा फिरत होता. त्यांनी हात मागे नेऊन तो बंद केला.

आईने साचा मांडीवर ठेवला. तिच्या बोटांना पांढरी भुकटी लागली होती. ती पडद्याजवळ आली. कंसांतलं तिला काही कळत नाही, पण तो शेरा साध्या अक्षरांत होता. तिने तो वाचला.

"काढून टाक ती रांग, बाळा," आई म्हणाली. "तो येतो म्हणाला नव्हता. जातो म्हणाला होता. मी ऐकलं होतं."